मे महिन्यातला घाम आणि उतरलेली शुगर



मे महिना, रात्रीचे ३ वाजलेले. कूलर घरघरतोय, तरी उशी ओली झाली आहे. आई झोपेतच शेजारी झोपलेल्या आपल्या पोराच्या मानेवर हात ठेवते आणि दचकून उठून बसते. नागपुरात मे महिन्यात घाम कोणाला येत नाही? पण हा घाम गार आहे. पोराला टाइप वन डायबेटिस आहे. ती ग्लुकोमीटर काढते, बोटाला सुई टोचून थेंब पट्टीवर घेते. आकडा येतो ५२. पोरगं रात्री पोटभर जेवलं होतं, इन्सुलिनही रोजचंच दिलं होतं. मग शुगर उतरली कशी?

कारणाकडे नंतर वळू. आधी साखर. आकडा ७०च्या खाली गेला की १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी, म्हणजे साधारण ३ चमचे साखर किंवा साधी ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून. लहान लेकराला याहून कमी पुरते, त्याचं माप डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवा. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, आकडा ७०च्या वर गेला नसेल तर पुन्हा तेवढीच साखर द्या. घरात संत्रा बर्फी असली तरी या वेळी ती नको. खव्यातल्या स्निग्धांशामुळे तिची साखर रक्तात उशिरा उतरते आणि आपल्याकडे तेवढा वेळ नसतो. मशीन हाताशी नसेल तर अंदाजानं का होईना, साखर द्याच. मूल बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा. घरात शुगर वर आणणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असेल तर ते द्या.

आपल्याकडे उन्हाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. दरदरून घाम, थरथर, चक्कर, असंबद्ध बोलणं दिसलं की घरचे म्हणतात, ऊन लागलं. मग ओला रुमाल, कांदा, पंखा, आणि त्यात मोलाची २०-२५ मिनिटं निघून जातात. ज्या घरात इन्सुलिन घेणारं माणूस आहे, त्या घरात उन्हाचा संशय दुसरा. पहिला संशय शुगरचा.

आता कारणाकडे येऊ. १९२२ साली टोरांटोत इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. औषध नवं, त्याची ताकद मोजायची कशी? उपाशी सशाची रक्तशर्करा झटके येण्याइतकी खाली न्यायला किती इन्सुलिन लागतं, त्यावरून त्याचं युनिट ठरवलं गेलं. म्हणजे जे इन्सुलिन जगवतं, त्याचं मापच शुगर उतरवण्यावरून आलं आहे. म्हणून मापात फरक पडला का, हे सर्वांत आधी तपासावं.

इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवून बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, इन्सुलिन पेनच्या काडतुसातलं १०० युनिटचं. ४०ची सिरिंज लाल टोपणाची, १००ची केशरी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून कोणी काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १०च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात १० नव्हे, २५ युनिटं जातात.

दुसरं कारण आपल्या विदर्भाच्या उन्हाचं. सावलीतही पारा ४५च्या वर जातो, आणि बहुतेक इन्सुलिन एकदा उघडल्यावर फार तर २५ ते ३० अंश सोसतं. तापलेली बाटली हळूहळू निकामी होते, शुगर चढते, म्हणून घरचे डोस वाढवत नेतात. मग महिनाअखेर नवी, ताज्या ताकदीची बाटली उघडली जाते आणि तोच वाढवलेला डोस दिला जातो. त्या रात्री शुगर कोसळते आणि घरात कोणालाच कारण सापडत नाही. याच नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ड्रीम ट्रस्ट उभा केला आणि गरीब घरांतल्या टाइप वनच्या मुलांना इन्सुलिन मिळू लागलं. फ्रीज नसलेल्या घरांत ते मातीच्या माठात गार ठेवायला शिकवलं गेलं. मला हे काम फार मोठं वाटतं. माठातली बाटली प्लास्टिकच्या डबीत बंद हवी, पाण्यात बुडलेली नको, आणि माठ सावलीत हवा.

उन्हाचा परिणाम अंगावरही होतो. कातडी तापली की तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि टोचलेलं इन्सुलिन भराभर शोषलं जातं. इंजेक्शननंतर लगेच कढत पाण्यानं आंघोळ केली तरी तेच होतं. पोटावर नेहमीच्या जागी गाठ झाली असेल, तर तिथून इन्सुलिन अडखळत शोषलं जातं. एके दिवशी सुई नव्या, मऊ जागी टोचली की तोच डोस जास्त होतो. जेवणाकडेही बघा: सावजी रस्सा तेलकट असतो, जेवण पोटात रेंगाळतं आणि इन्सुलिन त्याच्या आधी कामाला लागतं. काल संध्याकाळी पोरगं वरातीत दोन तास नाचलं असेल, तर त्याची शुगर आज पहाटेही उतरू शकते. व्यायामाचा परिणाम २४ तासांपर्यंत टिकू शकतो.

हे सगळं तपासूनही उत्तर मिळालं नाही, तर डॉक्टरांना थायरॉइड, अ‍ॅड्रिनल ग्रंथी, मूत्रपिंड आणि गव्हातलं ग्लूटेन न सोसणारा सिलिअ‍ॅक आजार यांच्या तपासण्यांबद्दल विचारा. टाइप वन असलेल्यांमध्ये यांतले काही आजार इतरांपेक्षा जास्त आढळतात.

वारंवार शुगर उतरली की शरीर इशारा देणंच सोडून देतं, घाम नाही, थरथर नाही. हे फार धोक्याचं. पण दोन-तीन आठवडे शुगर एकदाही खाली जाऊ दिली नाही, तर हा इशारा बऱ्याच जणांत परत येतो. त्यासाठी डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. घाबरून इन्सुलिन बंद मात्र करू नका, टाइप वनमध्ये ते जिवावर बेतेल.

आणि आईबापांनो, सकाळी पोराला रागावू नका, "तूच काहीतरी केलं असशील" असं म्हणू नका. रागावलेलं पोरगं पुढच्या वेळी आकडा लपवतं. त्याऐवजी वही काढा आणि कालचे २४ तास दोघं मिळून लिहा: किती वाजता टोचलं, कुठे टोचलं, काय खाल्लं, किती खेळलं, बाटली कधी उघडली. आणि आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी उशाशी ग्लुकोमीटर आणि साखरेची डबी आहे ना, एवढं बघून घ्या.