चालू बांधकामाचा खर्च



मनोरा बांधूं इच्छिणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा अदमास घेतो, हा प्रभूचा दृष्टांत लूकच्या शुभवर्तमानांत आहे. आम्हीं समितीच्या सभासदांनींही तसा अदमास घेतला. परंतु पैसा गळतो तो पाया खणूं लागल्यावर. आपल्या जालना जिल्ह्यांतील काळी माती पावसांत फुगते, उन्हांत भेगाळते. म्हणून घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदावें लागतें, आणि अंदाजपत्रक येथेंच प्रथम डळमळतें. ती वाढ न्याय्य होय. परंतु भिंत उभी राहिल्यावर खिडकी सरकविण्याची हौस आपलीच. तिचा दोष गवंड्यास कां द्यावा?

लोखंडी सळया जालन्यांतच तयार होतात. तरी त्या तोलून घ्याव्या. १२ मिलिमीटर जाडीची सळई दर मीटरास सुमारें ८९० ग्रॅम भरते. जाडीच्या वर्गास १६२ नें भागिलें कीं किलोग्रॅम निघतात. सिमेंटचें ५० किलोंचें पोतें भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावें. त्यास ओल लागली म्हणजे विधवेच्या दमड्या पाण्यांत गेल्या.

मापें स्वतः घेतल्यावांचून कंत्राटदाराचें बिल चुकतें करूं नये. गेल्या पावसाळ्यांत आम्हीं तें केलें नाहीं. जोत्याचें काम दोनदां मोजलें गेलें, आणि घंटेसाठीं ठेविलेले पैसे त्यांत गेले. घंटा अजून यावयाची आहे.