हमीपत्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. व्याख्यान देणे हे काही माझे काम नव्हे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "पुतण्याला अमेरिकेला पाठवताना तुमच्या घरी काय काय झाले, तेवढेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

माझ्या थोरल्या जावेच्या मुलाचे लग्न जानेवारी २०२२ मध्ये झाले. सून मराठीच, पण जन्माने अमेरिकेची नागरिक, राहणार न्यू जर्सीची. ती परत गेली आणि नवऱ्याला तिकडे नेण्यासाठी फेब्रुवारीत तिने अर्ज केला. नागरिकाच्या नवऱ्याला वा बायकोला वर्षाला इतकेच व्हिसे अशी मर्यादा तिथे नाही. तरी अर्ज, कागदांची तपासणी, वैद्यकीय तपासणी, मुलाखत या पायऱ्या कुणाला चुकत नाहीत.

दिवाळीत सूनबाई येऊन गेली आणि पुढे गोड बातमी कळली. आम्हाला वाटले, पोरीला दिवस गेले म्हटल्यावर तिकडचे सरकार लवकर सोडील. पण गरोदरपणामुळे रांग आपोआप पुढे सरकत नाही.

२०२३ च्या आरंभी अर्ज मंजूर झाला आणि हमीपत्राची वेळ आली. येणाऱ्या माणसाच्या पोटापाण्याची जबाबदारी माझी, असे त्यात लिहून द्यावे लागते. तिथले सरकार दरवर्षी गरिबीची रेषा ठरवते. हमी देणाऱ्याचे उत्पन्न सामान्यतः त्या रेषेच्या सव्वापट तरी असावे लागते. नेमकी तेव्हाच डॉक्टरांनी सूनबाईला विश्रांती सांगितली आणि तिची नोकरी सुटली. अशा वेळी तिथे राहणारा दुसरा नागरिक किंवा कायमचा रहिवासी जोडीने हमी देऊ शकतो. तिचे मामा तयार झाले.

पण आमचा पुतण्याच अडून बसला. "काकू, बायकोने मला पोसायचे आणि वर मामेसासऱ्यांचा उपकार घ्यायचा? मी नाही जात." दोन महिने कागद तसेच पडून राहिले. तिकडे पोरीला सातवा महिना लागला. फोनवर ती रडत नसे, नुसती गप्प बसे.

शेवटी एके रात्री त्याला ताट वाढून मी म्हटले, "बावीस वर्षे मी तुझ्या काकांच्या कमाईवर जेवते आहे. मला लाज वाटायला हवी का रे?" तो काही बोलला नाही. जेवला, हात धुतला आणि मामांना फोन लावला.

जुलैत मुलगा झाला. तिथेच जन्मला, आई नागरिक, म्हणून बाळही जन्मतः नागरिक. बापाने मात्र त्याला फोनवरच पाहिले. घरात माणूस वाढला की हमीची रक्कमही वाढते, म्हणून दोघांचे कागद तिघांचे करावे लागले. ऑक्टोबरात मुलाखत झाली आणि डिसेंबरात तो गेला. बाळ पाच महिन्यांचे होते. बापाला पाहून ते प्रथम रडलेच म्हणे! ते दोन महिने वाया घालवले नसते तर, असे तो अजून म्हणतो.

भगिनींनो, ही हमी म्हणजे नुसती सही नव्हे. १९९६ च्या कायद्याने ती बंधनकारक आहे. तो माणूस नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर साधारण दहा वर्षांचे काम जमा होईपर्यंत ती चालते. घटस्फोटानेही सुटत नाही. मामांनाही तोच नियम. शिवाय तिथे पोहोचताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर रहिवासही आधी दोन वर्षांपुरताच मिळतो. मग दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा.

आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या मुली परदेशी आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. लग्नाची नोंदणी लगेच करा आणि जन्मदाखला, पासपोर्ट, लग्नाचा दाखला यांवर नावे एकसारखी आहेत ना, ते पाहून ठेवा. आणि मुलीला कुठे सही करायची असेल, तर आधी वाचून, समजून घ्यायला सांगा.

बाईने घर सांभाळले तर ते कर्तव्य, आणि तिने नवऱ्याची हमी घेतली तर त्याचा कमीपणा, हे मला तरी पटत नाही. संसाराला दोघांचा खांदा लागतो. ज्याचा खांदा मोकळा असेल त्याने तो द्यावा.