युद्धाचा जमाखर्च आणि गावाची सभा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



राष्ट्राच्या युद्धाशी गावाच्या सभेचा काय संबंध, असा प्रश्न प्रत्येक युद्धाच्या वेळी विचारला जातो. गावाने रस्ते, गटारे आणि शाळा पाहाव्यात, युद्ध व शांतता हा राजधानीतील जाणत्यांचा प्रांत आहे, असा त्याचा गर्भितार्थ असतो. इराक युद्धाच्या काळात अमेरिकेतील व्हरमाँट या छोट्या राज्यातील गावांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याचा आज विचार करू.

व्हरमाँटची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास आहे. तेथे दरवर्षी मार्चच्या पहिल्या मंगळवारी बहुतेक गावांत मतदारांची सभा भरते. कर, रस्त्यांची डागडुजी, बर्फ हटविण्याचा खर्च या बाबी सभेपुढे येतात आणि लोक स्वतः मत देऊन त्या मंजूर किंवा नामंजूर करतात. आपल्या ग्रामसभेच्या जातीचीच ही संस्था होय.

मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर आक्रमण केले. ज्या संहारक अस्त्रांचे कारण पुढे केले होते, त्यांचे साठे सापडले नाहीत, हे अमेरिकी शासनाच्याच तपास पथकाने २००४ साली नमूद केले. दरम्यान ‘नॅशनल गार्ड’ या राज्यांच्या राखीव दलातील माणसे आघाडीवर धाडली जात होती. ही माणसे एरवी आपापला नोकरीधंदा करणारी, पूर आणि वादळ आले की राज्याच्या मदतीला धावणारी. म्हणून २००५ च्या मार्चमध्ये व्हरमाँटमधील सुमारे पन्नास गावांनी ठराव केले की, या तैनातीचा राज्यावर काय परिणाम होतो याची चौकशी व्हावी आणि सैन्य परत आणावे.

पुढच्या वर्षी न्यूफेन या चिमुकल्या गावाने १२१ विरुद्ध २९ मतांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यावर महाभियोगाची मागणी केली. २००७ मध्ये तीसहून अधिक गावे तिच्यात सामील झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्याच्या सिनेटने बुश आणि उपराष्ट्राध्यक्ष चेनी या दोघांवरील महाभियोगाचा ठराव १६ विरुद्ध ९ मतांनी संमत केला. कनिष्ठ सभागृहाने मात्र काही दिवसांतच तसा ठराव ८७ विरुद्ध ६० मतांनी फेटाळला. मार्च २००८ मध्ये ब्रॅटलबरोच्या मतदारांनी २०१२ विरुद्ध १७९५ मतांनी या दोघांवर आरोपपत्र तयार करण्याचा कौल दिला. त्याला कायद्याचे बळ नव्हते, हे मत देणारे जाणून होते.

मग या खटाटोपाचे फलित काय? महाभियोग झाला नाही आणि दोघांनीही जानेवारी २००९ मध्ये आपली मुदत पुरी केली. तरीही या सभांना पोरखेळ म्हणणे मला अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मान्य नाही.

या युद्धाचा पैसा कसा उभारला गेला ते पाहा. २००१ आणि २००३ साली अमेरिकेत करकपात झाली, आणि तिचा मोठा वाटा धनिकांच्या पदरात पडला. युद्ध चालले ते कर्जावर. व्हाइट हाउसचे अर्थसल्लागार लिंडसे यांनी २००२ साली खर्चाचा अंदाज १०० ते २०० अब्ज डॉलर असा वर्तविला, तेव्हा तो आकडा फुगविलेला ठरविण्यात आला. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि लिंडा बिल्म्झ यांनी २००८ साली कर्जावरील व्याज व जखमी सैनिकांची आजन्म शुश्रूषा धरून केलेला अंदाज ३ लाख कोटी डॉलरचा होता. कर्जावर चालणाऱ्या युद्धाचे बिल आजच्या नागरिकाच्या हाती येतच नाही. त्यामुळे जाब विचारण्याची निकडही त्याला भासत नाही. राज्यकर्त्यांना हेच सोयीचे असते.

गावाच्या सभेत ही पळवाट नसते. तेथे खर्च मंजूर करणारा आणि कर भरणारा एकाच बाकावर बसतो. शेजारचा कोण आघाडीवर गेला, कोण परतला नाही, हे साऱ्यांना ठाऊक असते. राजधानीने युद्धाचा खर्च आणि युद्धाची जबाबदारी यांची फारकत केली होती. या सभांनी ती दोन्ही पुन्हा एका जागी आणली. हे त्यांचे खरे कार्य.

त्यांची उणीवही सांगितली पाहिजे. त्यांचा रोख मुख्यतः दोन व्यक्तींवर राहिला. परंतु ऑक्टोबर २००२ मध्ये युद्धाचा अधिकार दिला तो काँग्रेसने, प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी. आणि त्या बहुमतात विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचेही अनेक सभासद होते. माणसे पायउतार झाली तरी सैन्य २०११ च्या अखेरीपर्यंत इराकमध्ये राहिले. ज्या व्यवस्थेला युद्ध परवडते आणि फायद्याचे ठरते, तिला हात न लावता नेत्याला आरोपी करणे हा न्यायाचा अर्धाच भाग होय.

कार्यकर्त्यांनी यातून एवढा धडा घ्यावा की, युद्धविरोधी ठराव केवळ निषेधाच्या शब्दांनी भरू नये. आपल्या गावातील किती माणसे गेली, कोणत्या कामाचा पैसा अडला, आपल्या प्रतिनिधीने कोणते मत दिले, हा तपशील ठरावात असावा आणि त्या प्रतिनिधीला तो सभेपुढे बोलावून वाचून दाखवावा. ठराव संमत झाला की आपले काम संपले, असे मानू नये. पुढच्या वर्षीच्या सभेत तो पुन्हा विषयपत्रिकेवर घ्यावा.