हरळी : जोपासना आणि बंदोबस्त

दिल्लीच्या मुनिरका भागात हिरवळीसाठी जी दूब जोपासली जाते आणि गणेश चतुर्थीला मराठी घरांत दूर्वा म्हणून जिच्या जुड्या वाहिल्या जातात, तीच महाराष्ट्राच्या काळ्या रानात हरळी या नावाने शेतकऱ्याला जेरीस आणते. पिकाचे पाणी आणि खत ती हिरावून घेते. अल्पभूधारकाची मिळकत खुरपणीच्या मजुरीत जिरते.

तिचे सामर्थ्य पेऱ्यांत आहे. जमिनीवर पसरणारे खोड व जमिनीखालील काशा, दोहोंच्या पेऱ्यांतून नवे रोप फुटते. यजुर्वेदातील मंत्रातही तिचे वर्णन कांड्याकांड्यांतून उगवणारी असेच आहे. माळी या गुणाचा लाभ घेतो : पावसाळ्याच्या आरंभी तुकडे लावून, वारंवार कापणी करून तो हिरवळ दाट करतो. शेतात मात्र ओल्या जमिनीत अवजार फिरवले की काशांचे तुकडे सर्वत्र पसरतात आणि तण दुणावते.

म्हणून नांगरट खोल व्हावी आणि ती उन्हाळ्यात व्हावी. वर आलेल्या काशा उन्हात वाळू द्याव्यात, उरलेल्या वेचाव्यात. हरळीला सावली सोसत नाही. तेव्हा पावसाळ्यात तागासारखे दाट पीक घ्यावे. एका हंगामात हे काम संपत नाही.

बांधावर व ओघळीत मात्र हीच हरळी माती धरून ठेवते. तेथे ती राखावी आणि रानात शिरू देऊ नये. तिचा बंदोबस्त या विवेकावरच अवलंबून आहे.