घरी घडविलेला ध्वनिविवर्धक
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीच्या अध्यापकाने विजेच्या उपकरणावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु आजचा विषय मुळात एका मासिकाचा आणि त्याच्या वाचकांचा आहे. एप्रिल व मे १९४७ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन या २४ वर्षांच्या स्कॉटिश अभियंत्याने ध्वनिविवर्धकाची, म्हणजे अँप्लिफायरची, एक रचना दोन लेखांकांत प्रसिद्ध केली. जोडणीची संपूर्ण आकृती, प्रत्येक रोधकाचे मूल्य, रोहित्राच्या वेढ्यांची संख्यासुद्धा त्यांनी देऊन टाकली. ती दुकानात विकत घ्यावयाची वस्तू नव्हती; वाचून घरी करावयाची होती. इंग्लंडातच नव्हे, तर ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेतही हौशी मंडळींनी ती केली.

तिचे मुख्य अंग म्हणजे व्हॉल्व्ह. फ्लेमिंग यांनी १९०४ साली काचेच्या निर्वात नळीत विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी योजना केली आणि तिला ‘व्हॉल्व्ह’, म्हणजे झडप, म्हटले. अमेरिकन लोक तिलाच ‘ट्यूब’ म्हणतात. आपल्या परिभाषेतील ‘निर्वात नलिका’ हा शब्द अमेरिकनांच्या बाजूचा आहे. मला मात्र ‘झडप’ अधिक भावतो, कारण तो वस्तूचा आकार सांगत नाही, काम सांगतो. डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली या नळीत तिसरे अग्र घातले, तेच पुढे जाळी म्हणून ओळखले गेले. तापलेल्या ऋणाग्राकडून इलेक्ट्रॉन धनाग्राकडे धावतात. मधल्या जाळीवरचा विद्युत्दाब अल्पसा बदलला की तो सारा ओघ कमीजास्त होतो. पाटाच्या तोंडाशी बसविलेली फळी एका हाताने वर-खाली करावी आणि शेतात जाणारे पाणी त्या हाताच्या तालावर चालावे, तसेच हे.

विल्यमसन यांनी शेवटच्या टप्प्यात ‘केटी ६६’ जातीचे दोन व्हॉल्व्ह जोडीने लावले. एकातील प्रवाह वाढतो तेव्हा दुसऱ्यातील घटतो. शक्ती १५ वॅट आणि विकृती ०.१ टक्क्याहूनही कमी! हे साधले ते अमेरिकन अभियंते हॅरोल्ड ब्लॅक यांच्या १९२७ सालच्या कल्पनेमुळे. बाहेर पडणाऱ्या ध्वनिसंकेताचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत आणावयाचा, म्हणजे मूळ संकेताशी त्याची तुलना होऊन चूक आपोआप कमी होते. गवई आपलाच स्वर कानांनी ऐकून सावरत असतो, त्यातलाच हा प्रकार.

पण येथेच खरी मेख आहे. परत येणाऱ्या अंशाला रोहित्रातून यावे लागते आणि रोहित्र सामान्य असेल, तर फार उंच व फार खालच्या स्वरांत त्याचे पाऊल मागेपुढे पडते. मग उलटा असलेला अंश सुलटा होतो, चूक सावरण्याऐवजी ती वाढवतो, आणि विवर्धक गाण्याऐवजी स्वतःच शीळ घालू लागतो. म्हणून विल्यमसन यांनी रोहित्राच्या पहिल्या गुंडाळीचे ४४०० वेढे १० भागांत विभागून त्यांच्या मध्ये दुसऱ्या गुंडाळीचे ८ भाग घातले. आपल्याकडील मोटार वाइंडिंग करणारे कारागीर हाताने निष्णात असतात. पण थरामागून थर, मध्ये कागद, हे काम त्यांच्याकडून करून घ्यावयाचे तर आकृती समोर हवी. आकृती छापील पानावर असते, आणि जागा अपुरी पडली की तांत्रिक मासिकांच्या जुन्या फायली प्रथम रद्दीत निघतात. कादंबरी पुन्हा छापली जाते. असले अंक सहसा पुन्हा छापत नाहीत. शतक पूर्ण केलेल्या संस्थेने हे कपाट शेवटी रिकामे करावे, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. या विवर्धकात सुमारे ४५० व्होल्टचा दाब खेळतो. बटण बंद केल्यावरही धारित्रांत तो साठून राहतो आणि प्राणघातक ठरू शकतो. त्यांना समांतर एक रोधक कायमचा जोडावा, मापकाने दाब उतरल्याची खात्री करून घ्यावी, मगच आत हात घालावा. आणि मोजमाप घेताना जुने रेडिओ कारागीर एक हात खिशात ठेवीत, ती रीत सोडू नये. शाळकरी मुलांनी जाणत्या माणसाशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.

ज्यांना आरंभच करावयाचा आहे, त्यांनी विल्यमसनपासून करू नये. मुलार्ड कंपनीने ३ व्हॉल्व्हची ३ वॅटची आणि ५ व्हॉल्व्हची १० वॅटची, अशा दोन सोप्या रचना वाचकांसाठी प्रसिद्ध केल्या होत्या. कंपनीच्या १९५९ सालच्या पुस्तकात त्या एकत्र सापडतात. त्यांत लागणारा ‘ईएल ८४’ हा व्हॉल्व्ह एके काळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातही तयार होत असे. जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत विचारून पाहावे, एखाद्या खोक्यात जोडी निघतेही. ३ वॅट म्हणजे फारच थोडे, असे कोणी म्हणेल. बसायच्या खोलीत ख्याल ऐकायला ते पुरतात.