विजयदुर्ग ते गगनबावडा : वाघोटणच्या खोऱ्यातील सायकलमार्ग

(व्याख्यानाचा मजकूर)



जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या लष्करी परंपरेची साक्ष देणाऱ्या बारा किल्ल्यांचा वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात असून बारावा, जिंजी, तामिळनाडूत आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वाट्याला या बारांतील दोन किल्ले आले, मालवणचा सिंधुदुर्ग आणि देवगड तालुक्यातील विजयदुर्ग. हा बहुमान मोठा खराच. परंतु त्याचबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. विजयदुर्ग पाहण्यास येणारा प्रवासी मोटारीने किल्ल्याच्या दारापर्यंत येतो, तास-दोन तासांत तटबंदी पाहतो आणि आल्या वाटेने निघून जातो. ज्या पन्नास किलोमीटरांच्या खोऱ्यातून तो येतो, त्या खोऱ्यातील गावांशी त्याचा संबंध येतो तो केवळ गाडीच्या काचेतून. वारशाचे भाग्य किल्ल्याच्या दाराशीच थांबणार की खोऱ्यातील गावांपर्यंत पोहोचणार, हा तो प्रश्न होय. त्याचे एक साधे व अल्पखर्चाचे उत्तर सायकल हे आहे.

नदी आणि रस्ता

विजयदुर्गचा किल्ला वाघोटण खाडीच्या मुखाशी उभा आहे. गगनबावड्याच्या परिसरात सह्याद्रीच्या कड्यांवरून कोसळणारे ओढे तळकोकणात उतरून शुक व वाघोटण या नद्यांच्या पाण्यात एकत्र येतात. खारेपाटणच्या पुढे नदीची खाडी होते आणि दोन्ही बाजूंच्या जांभ्या दगडाच्या सड्यांमधून वळणे घेत ती समुद्राला मिळते. विजयदुर्गहून पडेलमार्गे तळेरे, तेथून वैभववाडी आणि पुढे करूळ घाटाने गगनबावडा हा रस्ता म्हणजे याच पाण्याचा उलट दिशेने केलेला प्रवास होय. समुद्रसपाटीपासून निघून कड्याच्या माथ्यापर्यंत नेणारा आणि वाटेत सडा, खाडी, भातखाचरे, आंब्याच्या बागा व घनदाट दरी असे कोकणचे सारे स्तर दाखविणारा असा मार्ग सहसा आढळत नाही.

या मार्गाचे महत्त्व केवळ निसर्गाचे नाही. कोल्हापूरकडील माल बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून घाट उतरून खारेपाटण व वाघोटण येथील धक्क्यांवर येई आणि तेथून गलबतांनी मुंबईकडे रवाना होई. खारेपाटण येथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा आहे. या ताम्रपटाचे वाचन प्रथम प्रसिद्ध केले ते बाळशास्त्री जांभेकर यांनी. मराठीतील पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू करणारे बाळशास्त्री देवगड तालुक्यातील पोंभुर्ले या गावचे. खारेपाटणही त्याच खोऱ्यातले. एका अर्थाने खोऱ्याचा लेख खोऱ्याच्याच सुपुत्राने वाचला. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगावी अशी ही गोष्ट आहे.

मार्गाच्या वरच्या टोकाचाही आरमाराशी संबंध आहे. गगनबावडा ही रामचंद्रपंत अमात्य यांच्या घराण्याची जहागीर. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांप्रमाणेच आरमारासंबंधी स्वतंत्र प्रकरण असून, जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांच्या झाडांना हात लावू नये, अशी ताकीद त्यात दिलेली आहे. १६५३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी घेतलेला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे झालेला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमाराच्या हाती गेलेला विजयदुर्ग एका टोकाला, तर आरमाराची नीती सांगणाऱ्या अमात्यांचे बावडे दुसऱ्या टोकाला, अशी ही जोडी आहे.

मार्गाचे तीन टप्पे

पहिला टप्पा किल्ल्याच्या परिसराचा आहे. किल्ल्यापासून सुमारे तीन किलोमीटरांवर खाडीकाठी मराठ्यांच्या आरमाराची गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यावे, ओहोटीला ते कोरडे पडावे आणि मग त्याची दुरुस्ती करावी, अशी तिची रचना. तेथून गिर्ये येथील रामेश्वर मंदिराकडे जाता येते. जांभा खडक कोरून केलेली मंदिराकडील उतरती वाट पाहण्यासारखी आहे. पुढे पडेलवरून वाघोटणकडे वळल्यास सागरी मार्गावरील पूल लागतो. पुलाच्या पलीकडे राजापूर तालुका. नवख्या सायकलस्वाराने, तसेच शाळेच्या सहलीने, या टप्प्यावर समाधान मानावे. अंतर थोडे असले तरी सड्यावर चढणे आणि खाडीकाठी उतरणे वारंवार घडते, त्यामुळे पायांची परीक्षा येथेही होतेच.

दुसरा टप्पा विजयदुर्ग ते तळेरे हा सुमारे पन्नास किलोमीटरांचा आहे. मुटाट, मणचे यांसारखी गावे या पट्ट्यात येतात. मणचे येथील व्याघ्रेश्वराचे देवस्थान आणि पावसाळ्यातील धबधबा प्रसिद्ध आहे. हा सारा भाग देवगड हापूसचा. मोहोर धरण्याच्या दिवसांत बागांमधून जाणारा रस्ता सुगंधाने भरून जातो. सपाटीवर ताशी १२ ते १५ किलोमीटर हा साधारण सायकलस्वाराचा वेग धरला तरी येथील चढउतार पाहता संपूर्ण दिवस या टप्प्यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

तिसरा टप्पा घाटाचा. तळेरे येथे मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून रस्ता वैभववाडीकडे जातो. कोकण रेल्वेचे वैभववाडी रोड हे स्थानक जवळच असल्यामुळे रेल्वेने येणाऱ्यास प्रवासाचा आरंभ येथूनही करता येतो. करूळ गाव मागे टाकले की घाट सुरू होतो. सुमारे दहा किलोमीटरांत पाचशे मीटरांच्या आसपास चढण आहे. म्हणजे दर शंभर मीटरांस सरासरी पाच मीटर. हा चढ जीवघेणा नाही, परंतु तो सलग आहे. एका बाजूस खडकाची भिंत, दुसऱ्या बाजूस झाडीने भरलेली खोल दरी आणि खाली वळणावळणाने मागे पडत जाणारा रस्ता, असे दृश्य माथ्यापर्यंत साथ देते. परतताना भुईबावडा घाटाने उतरून खारेपाटणकडे येता येते. दोन्ही घाट गगनबावड्यालाच मिळत असल्यामुळे एकाने चढून दुसऱ्याने उतरण्याची सोय येथे निसर्गानेच करून ठेवली आहे.

घाट चढण्यास बळ लागते, तर उतरण्यास संयम लागतो. उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्यास चाकाची कड तापते आणि ट्यूब फुटण्याचा धोका संभवतो. म्हणून दोन्ही ब्रेक थांबून थांबून लावावेत, वळणापूर्वीच वेग कमी करावा आणि वळणावर साचलेल्या वाळू-खडीपासून दूर राहावे. महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या ठिकाणांत गगनबावड्याची गणना होते. पावसाळ्यात या घाटांतून दरडी कोसळतात, धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही आणि खारेपाटण येथे पुराचे पाणी चढते. धबधब्यांचा मोह कितीही झाला तरी या दिवसांत घाटात सायकल नेऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच या मार्गाचा योग्य हंगाम.

डॅन्यूब नदीचा दाखला

ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना असा सुमारे ३२० किलोमीटरांचा सायकलमार्ग आहे. तो मुळात सायकलींसाठी बांधलेला नव्हता. प्रवाहाच्या विरुद्ध नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी नदीकाठी वाटा होत्या. यांत्रिक नौका आल्यावर त्या ओस पडल्या. १९८० च्या दशकात त्याच वाटा सायकलस्वारांसाठी खुल्या करण्यात आल्या. नदी जेथे डोंगरांमधून तीव्र वळण घेते, तेथे सायकलींसह प्रवाशांना पलीकडे नेणाऱ्या लहान होड्या चालतात. याच मार्गावरील वाखाऊ खोऱ्याचा २००० साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथील जर्दाळूच्या बागांमधील शेतकरी आपल्या घरातील एखादी खोली सायकलस्वाराला देतो, सकाळची न्याहारी घालतो आणि स्वतःच्या बागेतील फळांचा मुरंबा विकतो.

वाघोटणच्या खोऱ्याशी असलेले त्याचे साम्य उघड आहे. येथेही गलबतांचा व्यापार थांबल्यावर मागे पडलेली जुनी व्यापारी वाट आहे, वारसा आहे, फळबागा आहेत, होडी वल्हवणारे हात आहेत. फरक आहे तो मांडणीचा. तेथे प्रवाशाला पुढचे पाणी, पुढची दुरुस्ती आणि पुढचा मुक्काम कोठे आहे हे आधीच ठाऊक असते. येथे ते विचारत विचारत जावे लागते.

गावाने काय करावे

सायकलस्वाराचा स्वभाव मोटारीतील प्रवाशाहून वेगळा असतो. त्याला दर पंधरा-वीस किलोमीटरांवर थांबावेच लागते. तो पाणी मागतो, चहा घेतो, जेवतो, दिवस मावळला की मुक्काम करतो. त्याच्या सामानाला जागा थोडी असल्यामुळे तो शिदोरी बरोबर आणत नाही. म्हणजे खर्च होणारा पैसा मोठ्या हॉटेलात न जाता वाडीवस्तीवरील खानावळीत, बचतगटाच्या घावन-चटणीत, कोकम सरबतात आणि आंबापोळीत पडतो. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. परंतु पर्यटनाचा लाभ किनाऱ्याच्या काही गावांतच अधिक एकवटला. खोऱ्यातील तरुण मुंबईची वाट धरतो आणि गणपती-शिमग्याला तेवढा घरी येतो. त्याच्या बंद घराची एक खोली उघडली गेली, तरी त्या घराला आधार होईल. पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजना आणि राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण यांचा आधार या कामी घेता येईल.

ग्रामपंचायतीने करावयाच्या गोष्टी लहान आहेत. पिण्याच्या पाण्याचा एक नळ रस्त्यालगत असावा. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारातील स्वच्छतागृह प्रवाशांना, विशेषतः स्त्रियांना, खुले असावे. गावातील मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात सायकलच्या दोन मापांच्या ट्यूब, पंक्चरचे साहित्य व हवेचा पंप ठेवण्यास सांगावे. मैलाच्या दगडाशेजारी पुढील पाणी, दवाखाना आणि मुक्काम किती अंतरावर आहे हे सांगणारी मराठी पाटी लावावी. सड्यावर कचरा टाकला जाणार नाही याचीही व्यवस्था सुरुवातीपासूनच असावी. नंतर ती बसविणे कठीण जाते.

बांधकाम विभागाच्या अधिकाऱ्यांनी लक्ष घालावे अशा बाबीही फार खर्चाच्या नाहीत. गटारावरील लोखंडी जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसविल्यास सायकलचे चाक त्यांत अडकते. त्याच पट्ट्या आडव्या बसविल्यास धोका नाहीसा होतो. डांबराची कड आणि साइडपट्टी यांत वीतभर खोली राहिली, तर ट्रकला वाट देणारा सायकलस्वार खाली कोसळतो. ती भरून घ्यावी. घाटातील आंधळ्या वळणांवर बहिर्गोल आरसे असावेत. २०२४ मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी वाहतुकीस बंद ठेवण्यात आला होता. रुंद रस्त्यावर वाहनांचा वेग वाढतो हे ध्यानी घेऊन सायकलींसाठी सूचनाफलक लावणे अधिकच अगत्याचे आहे.

या सुधारणा पाहुण्यांसाठीच कराव्यात असेही नाही. याच रस्त्याच्या कडेने मुलेमुली शाळेला जातात. राज्यातील निवडक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमांतर्गत आठवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना सायकली देण्यात आल्या. सायकल दिली, पण सुरक्षित कड दिली नाही, तर आईबाप मुलीला ती चालवू देत नाहीत. जी साइडपट्टी पुण्या-मुंबईच्या प्रवाशाला हवी, तीच गावच्या मुलीला हवी. पाहुण्याचे निमित्त होऊन तिचा रस्ता सुधारला, तर या मार्गाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

शिक्षकांचे काम याहून मोलाचे आहे. गोदी, ताम्रपट, आज्ञापत्र, घाटातील खडक आणि खाडीतील भरती-ओहोटी यांचे पाठ पुस्तकातून शिकविण्यापेक्षा आठवी-नववीच्या मुलांना पहिल्या टप्प्यावर सायकलने न्यावे. आपल्या गावाची माहिती एका पानात लिहावयास सांगावी. त्या पानांतूनच उद्याची मार्गदर्शक पुस्तिका तयार होईल आणि ती लिहिणाऱ्यांतून उद्याचे वाटाडे.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा सायकलीच्या हंगामाच्या जेमतेम महिनाभर आधी येते. खोऱ्यातील प्रत्येक गावाने त्या सभेत नळ कोणता, स्वच्छतागृह कोणते आणि मुक्कामासाठी घरे कोणती, एवढ्या तीनच गोष्टी ठरवून शेजारच्या गावाला कळवाव्यात. शासनाचा निधी येईल तेव्हा येईल. या तीन गोष्टींसाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.