पहिले घर आणि वरचे बिऱ्हाड

(वार्षिक मेळाव्यात राजारामपुरी येथे दिलेले व्याख्यान)



आपल्यातील नोकरीपेशाच्या तरुणाने पहिले घर घ्यावे तरी कसे, असा प्रश्न माझ्यापुढे ठेवण्यात आला आहे. पगार बेताचा आणि किमती आवाक्याबाहेरच्या. अशा वेळी वडीलधारी मंडळी एक जुनी तोड सुचवितात : दुमजली घर घ्यावे, खाली आपण राहावे, वर बिऱ्हाड ठेवावे आणि भाड्यातून कर्जाचा हप्ता भागवावा. छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने वसलेल्या या पेठेत, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांतून, ही रीत आपण पाहतोच. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, आणि खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्यांची त्यात भर पडली.

तोड चांगली आहे. मीही तीच केली आणि फसता फसता वाचलो, म्हणूनच येथे बोलण्याचे धाडस करीत आहे.

मी पाहिलेल्या घराला बाजूच्या मोकळ्या जागेतून वर जाणारा स्वतंत्र जिना होता. वर स्वयंपाकघर, न्हाणीघर, सारे निराळे. मी मनातल्या मनात भाड्याचा हिशेब मांडला आणि इसार देऊन बसलो! पुढे कर्जासाठी मंजूर नकाशा मागितला गेला, तेव्हा उघड झाले की नकाशात घर एकाच कुटुंबाचे होते. जिना आतून, वर दोन खोल्या आणि गच्ची. बाहेरचा जिना व वरचे स्वयंपाकघर मागाहून, परवानगीवाचून केलेले. त्यातही जिना सामासिक अंतरात, म्हणजे नियमाने मोकळ्या सोडावयाच्या जागेत. मूल्यमापकाने तेवढा भाग किमतीत धरलाच नाही. मालक म्हणाले, “अहो, त्याचाही घरफाळा भरतोय की!” ही समजूत आपल्यात फार पसरली आहे. अनधिकृत बांधकामावरही कर आकारता येतो, वर शास्तीही लागते; पण त्याने ते बांधकाम अधिकृत होत नाही. अखेर किंमत उतरवून व्यवहार झाला. तरी कमी पडलेल्या रकमेसाठी सौभाग्यवतीच्या पाटल्या गहाण पडल्या, आणि परवानगीचे काम पुरे होईपर्यंत चौदा महिने वरचा मजला रिकामा राहिला. त्या चौदा महिन्यांचे हप्ते कसे भरले, हे घरच्यांनाच ठाऊक.

आपली काही मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. त्यांची अडचण निराळी. तेथील अनेक नगरांत काही भागांपुरता ‘एका भूखंडावर एकच कुटुंब’ असा नियम असतो. बर्कले शहराने तो १९१६ मध्येच केला. मिनियापोलिसने २०१८ मध्ये तो सोडण्याचा निर्णय घेतला, आणि ऑरेगॉन राज्याने २०१९ मध्ये मोठ्या शहरांतून दोन बिऱ्हाडांच्या घरांना कायद्याने मुभा दिली. आपल्याकडे निवासी भागात दुसऱ्या कुटुंबाला तशी बंदी नाही. येथे अडवितो तो रस्ता. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे दाट वस्तीबाहेर ९ मीटरांहून अरुंद रस्त्यावरील भूखंडास मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१० आहे. म्हणजे २०० चौरस मीटर जागेवर २२० चौरस मीटर. अधिमूल्य भरून मिळणारे पूरक क्षेत्र वेगळे. जुन्या घराने हे आधीच वापरले असेल, तर वर बिऱ्हाड चढविण्याचे मनोरथ तेथेच थांबतात. यास्तव दिवाणखाना पाहण्याआधी रस्त्याची रुंदी पाहावी आणि मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र व मिळकत पत्रिका हाती घ्यावी.

बिऱ्हाड ठेवताना ‘माणूस ओळखीचा, कागद कशाला?’ असे म्हणू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नसेल, तर भाड्याच्या अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

आणखी एक, आणि हे काहींना रुचणार नाही. भाडेकरू आपल्याच ज्ञातीचा असावा असा आग्रह मी आपल्या सभासदांकडून ऐकतो. १९०१ पासून शाहू महाराजांनी या शहरात निरनिराळ्या जातीधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला. त्याच शहरात जात विचारून खोली नाकारणे मला शोभत नाही. माझ्या वरच्या मजल्यावरील कुटुंबाची जात मी विचारली नाही. त्यांची सूनबाई माझ्या नातीला गणित शिकविते.

माझ्या घराचा पहिला नकाशा आणि सुधारित नकाशा, दोन्ही आज सोबत आणले आहेत. फराळानंतर ते मेजावर ठेवीन. ज्यांचा व्यवहार ठरण्याच्या बेतात आहे त्यांनी आपले कागद घेऊन यावे.